प्रत दमत नाही

“हो, घेऊ या उपचार,” अण्णांची प्रत म्हणाली.

आवाज अण्णांचाच होता, थोडा खर्जातला, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. तो खाटेशेजारच्या संगणकाच्या पडद्यातून आला होता. खाटेवरचे अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते काही बोलले नाहीत.

डॉ. कुरणे खाटेला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर गेल्या आणि खाली वाकल्या. “शिंत्रे काका, तुमची प्रत हो म्हणतेय. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? शुक्रवारपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. घाई नाही.”

“अण्णा, डॉक्टर विचारतायत,” विश्वजीत म्हणाला. “अण्णा?”

अण्णांनी एक हात किंचित उचलला आणि पुन्हा चादरीवर ठेवला. त्यातून हो निघत नव्हता आणि नाहीही निघत नव्हता.

मृणाल दाराशी उभी होती. कोल्हापूरहून एसटीने ती थेट मिरजेला, या हॉस्पिटलात आली होती आणि खांद्यावरची बॅग अजून तिने उतरवली नव्हती. पडद्यातल्या त्या ‘हो’चा काही भाग तिने स्वतः लिहिला होता. ती कोल्हापुरात ज्या कंपनीत नोकरी करत होती तिथेच देहप्रतीची प्रणाली तयार झाली होती, आणि प्रत माणसासारखी उत्तरं कशी देते हा विभाग तिच्याकडे होता. एरवी तिला त्याचा अभिमान वाटे. आज नुसता थकवा जाणवत होता.

अण्णा साखर कारखान्यातले केमिस्ट. उसाच्या रसात साखर किती हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर अस्थिमज्जेचा आजार निघाला. मागच्या वर्षी पहिला उपचार झाला, तेव्हा ते कित्येक आठवडे काचेच्या निर्जंतुक खोलीत होते. बाहेर आले ते निम्मे होऊन. आता आजार परतला होता, आणि महिनाभर ते इथे दाखल होते. दुसऱ्यांदा तोच उपचार घेतला तर कदाचित आणखी वर्षभर, कदाचित जास्त. कदाचित त्या खोलीतून बाहेर येणंच नाही. न घेतला तर काही महिने, घरी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायला उरले होते फक्त अण्णा, आणि अण्णा बोलत नव्हते.

अशा वेळेसाठी नवा कायदा होता. रुग्ण शुद्धीत असूनही हो किंवा नाही म्हणत नसेल, तर मुदत संपल्यावर त्याच्या प्रतीचं उत्तर हीच त्याची संमती धरली जाई. खाली एका जवळच्या नातेवाइकाची सही लागे. कायदा चांगल्या हेतूने झाला होता. अतिदक्षता विभागाच्या बाहेर निर्णय एकमेकांवर ढकलत बसलेली कुटुंबं सगळ्यांनीच पाहिली होती.

“मी सही करणार,” विश्वजीत कँटीनमध्ये म्हणाला. तो मृणालहून बराच मोठा, इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत मॅनेजर. चार माणसांना कामाला लावायची सवय असलेला आवाज त्याने मुद्दाम खाली आणला होता.

“अण्णा अजून काही म्हणाले नाहीत, दादा.”

“आणि म्हणणारही नाहीत. कधी तोंड उघडलंय त्यांनी? आईनं आमटी खारट केली तरी गपगुमान जेवून उठायचे. तूच सांगायचीस ना, माणूस जे बोलला असता तेच प्रत बोलते? प्रणाली चालू झाली तेव्हा पेढे आणले होतेस की घरी.”

“ती शक्यता असते. प्रत म्हणजे—”

“ते तुझं लेक्चर नको. हो म्हणाली का नाही?”

“म्हणाली.”

“मग झालं.” त्याने चहाचा कप बाजूला सारला. चहा तसाच होता. “मी विचारायचं काही बाकी ठेवलं नाही, मृणाल. सकाळी विचारतो, जेवताना विचारतो. तू फोनवर विचारतेस. डॉक्टर विचारतात, नर्स विचारतात, तो समुपदेशक येऊन विचारतो. परवा काकू आल्या, बसायच्या आधीच, ‘काय ठरवलंत भावजी?’ आणखी किती विचारायचं माणसाला?”

मृणालने कप स्वतःकडे ओढला. तिने त्याचा गार झालेला चहा पिऊन टाकला.

देहप्रतीची कल्पना समजायला अवघड नाही. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू म्हणजे एक डबा असतो. आत काही आकडे आणि त्या आकड्यांपर्यंत जाणारी ठरावीक दारं. ‘ताप वाढला’ असं डब्याला सांगितलं की आतला जुना आकडा पुसला जातो आणि नवा बसतो. माणसाच्या देहाची प्रत अशा डब्यांनी करायचा प्रयत्न आधी झाला होता. तो फसला. एकाच प्रतीवर पाच डॉक्टर पाच औषधं करून बघत आणि कोणी कुठला आकडा पुसला याचा पत्ता लागत नसे.

मृणालचे वरिष्ठ फैयाज मुजावर यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि फलनांची भाषा घेतली. गणितात फलन जसं एक मूल्य घेऊन दुसरं देतं, तसं. या भाषेत काही पुसताच येत नाही. पाचात एक मिळवला तर सहा मिळतात, पण पाच पाचच राहतो. इथे डबे नसतात, पण फलनाकडून डब्याचं काम करून घेता येतं. काही मूल्यं पोटात घेऊन बसलेलं एक फलन करायचं आणि त्याला निरोप पाठवायचे. निरोप दोन तऱ्हेचे. एक सांगण्याचा. ‘औषध दिलं’ असं सांगितलं की ते फलन दुसरं एक फलन परत देतं: औषध घेतलेले अण्णा. औषध न घेतलेले अण्णाही जिथल्या तिथे, जसेच्या तसे शिल्लक. दुसरा निरोप विचारण्याचा. ‘दुखतंय का?’ असं विचारलं की फक्त उत्तर परत येतं. नवे अण्णा तयार व्हायचं काही कारण नसतं.

प्रणालीची सगळी ताकद यात होती. आज सकाळच्या अण्णांना हजार औषधं देऊन हजार अण्णा बघता येत आणि नको ते टाकून देता येत. इकडे खाटेवरची यंत्रं खऱ्या अण्णांचा ताप, रक्त, झोप, गोळ्या प्रतीला सांगत राहत आणि प्रत्येक वेळी परत आलेली नवी प्रत जुनीची जागा घेई. मनाचा भाग दाखल होतानाच्या लांबलचक मुलाखतींवरून बसवलेला असे. आणि विचारणं फुकट. हवं तेव्हा विचारा, हवं तितकं विचारा. सगळी भाषा त्याच विश्वासावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत आंघोळीसाठी लॉजवर गेला आणि मृणाल अण्णांजवळ बसली.

“आलीस की,” अण्णा म्हणाले. “दादा कुठाय?”

“आंघोळीला गेलाय.”

“बरं झालं. गुणाचा आहे, पण त्याच्यापरीस कारखान्यातल्या मिलचा आवाज बरा. मिलला चालायला निदान ऊस तरी लागतो.”

मृणाल हसली. अण्णाही थोडे हसले. मग आपणहून त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाची गोष्ट सांगितली. तो घोरताना मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, त्यामुळे वाट बघत जागं राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं बोलणं हळू होतं, पण अडखळत नव्हतं.

मग नर्स हातात टॅब घेऊन आली.

“काका, आज दुखणं किती? एक ते दहा?”

अण्णांनी थोडा वेळ घेतला. “चार.”

“झोप लागली?”

आता जास्त वेळ लागला. “लागली.”

“मन कसं आहे आज? उदास, ठीक, प्रसन्न?”

नर्सचं बोट टॅबवर अधांतरी थांबलं होतं. अण्णा खिडकीकडे बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “ठीक.”

“आणि उपचाराचं काही ठरलं का, काका?”

याला उत्तर आलं नाही. नर्सने वाट पाहिली, मृणालकडे बघून ओशाळं हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

“अण्णा, पाणी हवंय का?” मृणालने विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मैलभर चालून आलेल्या माणसाला कोणी आणखी एक पोतं उचलायला सांगावं, तसं. पाण्याचा प्रश्न होता, एवढा साधा, पण तोही त्यांना पेलत नव्हता.

“त्याला विचार की,” शेवटी ते पडद्याकडे हनुवटी करून म्हणाले. “माझ्यापेक्षा ताजा आहे तो.”

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. अण्णांनी तोंड फिरवलं होतं. तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, “पाणी हवंय का, अण्णा?”

“दे की थोडं,” प्रत म्हणाली. लगेच.

“पाणी हवंय का?”

“दे की थोडं.” तितक्याच लगेच.

तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा, मग उपचाराबद्दल, मग मनाबद्दल, मग पुन्हा पाण्याबद्दल. प्रत्येक उत्तर त्याच लयीत, त्याच मोकळेपणाने आलं. महिनाभर आजारी असलेला, हिमोग्लोबिन उतरलेला, झोप तुटलेला माणूस बोलत होता, पण या महिन्यात जणू त्याला एकदाही कोणी काही विचारलेलं नव्हतं.

मृणाल तिथे बराच वेळ बसून राहिली. मग उठून तिने कोल्हापूरची एसटी पकडली.

“विचारणं हेही सांगणंच आहे, सर,” ती म्हणाली.

मुजावर सर खिडकीत उभे राहून डाळिंबाचे दाणे खात होते. पन्नाशीचा, बारीक, उगाच न हसणारा माणूस. “पुढे?”

“माणसाला प्रश्न विचारला की नंतरचा माणूस तोच राहत नाही. थोडा खर्च झालेला असतो. आपण तो तोच धरतो. प्रश्नातून फक्त उत्तर परत घेतो.”

“प्रत्येक प्रश्नाला?”

“प्रत्येक. कमीजास्त असेल.”

सरांनी वाटी खाली ठेवली. “मला हे आवडलेलं नाही. तुला कळतंय का मला का आवडलेलं नाही?”

“विचारणं फुकट नसेल तर हजार वेळा करून बघता येणार नाही.”

“करून बघता येईल. पण प्रत्येक वेळी नवा माणूस सांभाळावा लागेल. ती आपली सगळ्यात सुंदर गोष्ट होती गं.” ते खुर्चीत बसले. “आणि हे वडिलांच्या खाटेशी बसून सुचलंय. म्हणजे तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आकडे दाखव.”

“आकडे आपण फेकून देतोय. माणूस बोलायला लागण्याआधीची शांतता. आवाज साफ करताना आपण ती कापतो.”

“कापलेली जाते कुठे?”

“वॉर्डातल्या मूळ ध्वनिमुद्रणात असते. ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्या.”

“मग बस कामाला. आणि एक. तुझ्या वडिलांची प्रत तू चालवायची नाहीस.”

“मी तेच सांगायला आले होते.”

शांतता मोजणं हे कंटाळवाणं काम निघालं. पण आलेख दुसऱ्याच दिवशी दिसायला लागला आणि मग काही केल्या जाईना. दिवसात जितके प्रश्न जास्त, तितकी उत्तराआधीची शांतता लांब. तोच प्रश्न पुन्हा आला तर आणखी लांब. रात्रीच्या झोपेने त्यातली थोडीच भरून निघे, बाकीची दुसऱ्या दिवसात शिल्लक राही. आणि एका मर्यादेपलीकडे माणसं हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, विषय बदलतात किंवा भिंतीकडे वळतात. आजार कुठलाही असो, वय कितीही असो, वळण तेच. मृणालने त्याला साजेसं समीकरण बसवलं. त्यात तिच्या मनाचा एकही आकडा नव्हता, हे तिने स्वतःला दोनदा तपासून पटवलं.

प्रणालीत बदल करायचा होता तो एका ओळीचा. विचारणं हे फलन आतापर्यंत माणूस घेऊन उत्तर परत देत होतं. आता ते माणूस घेऊन जोडी परत देणार होतं: उत्तर, आणि विचारला गेलेला माणूस. तिने ती ओळ बदलली आणि प्रणाली नव्याने जुळवायला दिली.

पडदा लाल झाला.

ही भाषा मोठी कडक. परत दिलेली वस्तू कुठे ठेवली हे सांगितल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. जिथे जिथे कोणी प्रश्न विचारला होता, उत्तर घेतलं होतं आणि माणूस तसाच सोडून दिला होता, त्या प्रत्येक जागेवर भाषेने बोट ठेवलं. दुखण्याची एक ते दहा. जेवणाची आवड. विमा कंपनीची समाधान-चाचणी. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा सराव. नातेवाइकांच्या फोनवरून रोज संध्याकाळी आपोआप जाणारं ‘आज कसं वाटतंय?’ हे शेवटचं मृणालनेच लिहिलं होतं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, आणि लोकांना ते फार आवडलं होतं.

ती एकेक लाल ओळ उघडून दुरुस्त करत गेली. विचारलंत, मग आता या माणसाला कुठे ठेवता? पुढची ओळ. विचारलंत, मग आता याला? मान आखडली. डब्यातली पोळी तशीच राहिली. विश्वजीतचे फोन येत होते आणि ती ‘काम चालू आहे’ एवढंच लिहून पाठवत होती.

गुरुवारी दुपारी सगळी प्रणाली जुळली. मुजावर सरांनी आधी ती इतर रुग्णांच्या प्रतींवर चालवली, ज्यांचं पुढे काय झालं हे माहीत होतं अशांवर. ते निकाल पुन्हा वरून खाली वाचत गेले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बसतंय. कोण कधी गप्प होईल हेसुद्धा सांगतेय.”

“हो.”

“प्रतीच्या होकारावर किती जणांना आत पाठवलं असेल आपण, मृणाल?”

तिने कीबोर्डकडे हात नेला.

“नको, तू नको सांगू. ते माझं मी काढतो. संमतीचा भाग आजपासून बंद ठेवायला सांगतोय सगळीकडे. बोंब होईल.” त्यांनी डोळे चोळले. “तू बाहेर बस. तुझ्या वडिलांची प्रत बघतो.”

ती जिन्यात जाऊन बसली. खाली कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. महिनाभरात अण्णांना जे जे विचारलं गेलं होतं ते ध्वनिमुद्रणातून काढून, क्रमाने, त्या प्रतीला पुन्हा विचारायचं होतं. यंत्राला त्याला फारसा वेळ लागत नाही. तरी सर लवकर आले नाहीत.

आले तेव्हा ते तिच्या शेजारी पायरीवरच बसले.

“हो म्हणत नाहीये आता.”

“नाही म्हणतेय?”

“तेही नाही. उत्तरच देत नाही. मला वाटलं अडकली, म्हणून आत बघितलं. काही चूक नाही. सगळं चालू आहे, आणि ती गप्प आहे.” त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. “पुन्हा विचारायला हात गेला होता. मग म्हटलं नको.”

मृणालने मान हलवली. प्रत अखेर बरोबर आली होती. इतकी हुबेहूब प्रत त्यांनी यापूर्वी कधी केली नव्हती, आणि तिचा कोणाला काही उपयोग नव्हता.

“तू कोड बदललास,” विश्वजीत म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी मृणाल मिरजेला परतली होती. डॉ. कुरणे यांनी त्याला नुकतंच सांगितलं होतं: प्रतीचा होकार मागे घेतला गेला आहे. उद्या सकाळपर्यंत काका स्वतः हो म्हणाले तर ठीक, नाहीतर त्यांच्यासाठी राखलेली काचेची खोली दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल. दोघं भावंडं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती.

“चूक होती, दादा. दुरुस्त केली.”

“चूक! इतके दिवस नव्हती चूक. नेमकी अण्णांच्या वेळेला निघाली?”

“अण्णांच्या वेळेला मी तिथे बसले होते, म्हणून दिसली. मुजावर सरांनी चालवली प्रत. मी हातही लावला नाही.”

“तुला त्यांना न्यायचंच नव्हतं आत. पहिल्यापासून.”

“मला काय हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं. मी मिरजेला आले तेव्हा तो हो ऐकून मला बरं वाटलं होतं, दादा. खरं सांगते. वाटलं, सुटलो.”

विश्वजीत गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत राहिला. “मलाही एक हो पाहिजे होता गं,” तो म्हणाला. “मशीनचा तर मशीनचा. सही करून टाकली असती. पुढं काय झालं असतं ते झालं असतं, अण्णांनीच ठरवलेलं असतं.”

“तेच तर.”

“काय तेच?”

“आपण विचारतोय म्हणजे त्यांच्यावर टाकतोय. हो म्हणाले तर त्या काचेच्या खोलीत ते आपल्या पायांनी गेले. नाही म्हणाले तर आपल्याला सोडून जायचं त्यांनी ठरवलं. दोन्हीकडून आपण मोकळे.”

विश्वजीतने तिच्याकडे पाहिलं. तो ओरडेल असं तिला वाटलं. तो ओरडला नाही.

“चल, एकदा शेवटचं विचारू,” तो म्हणाला. “दोघं मिळून. नीट, शांतपणे.”

“नको, दादा.”

“मग कोण सांगणार?”

मृणालने पाय आत ओढून घेतले. समोरून कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली. तिचं एक चाक फरशीवर अडखळत होतं.

“कुरणे बाई तुला काय म्हणाल्या?” काही वेळाने विश्वजीतने विचारलं. “टक्के नको सांगू. साधं सांग.”

“बाहेर येणं अवघड आहे. आले तर मागच्या वेळेसारखे येणार नाहीत.”

“मागच्या वेळी तरी कुठं आले होते नीट.” त्याचा आवाज फुटला. “काचेपलीकडून हात करायचे. मी रोज फोनवर विचारायचो, अण्णा कसं वाटतंय, आणि ते अंगठा दाखवायचे. रोज. मी घरी येऊन सगळ्यांना सांगायचो, आज बरे आहेत.”

ती त्याच्याजवळ सरकली. मग विश्वजीतने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि उठला.

“काय बोलायचं ते तू बोल,” तो म्हणाला. “मला जमायचं नाही. पण माझं नाव घे. एकटीनं ठरवलंस असं सांगू नकोस.”

अण्णा जागे होते. उशाशी पडदा बंद होता. कोणीतरी त्यावर त्यांचा टॉवेल वाळत टाकला होता. मृणाल खाटेच्या कडेला बसली. विश्वजीत पायांकडे, कपाटाजवळ उभा राहिला.

सवयीने तिच्या तोंडात प्रश्नच आला. तो तिने गिळला.

“अण्णा, उद्या आपण घरी जातोय,” ती म्हणाली. “उपचार घ्यायचा नाही. हे मी आणि दादानं ठरवलंय. तुम्ही ठरवलेलं नाही, आम्ही ठरवलंय. तुम्हाला पटलं नाही तर सांगा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना जाऊन सांगते. नाहीतर काही बोलायची गरज नाही.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग विश्वजीतकडे पाहिलं आणि बघत राहिले. घरी नेणं म्हणजे काय हे त्या तिघांनाही माहीत होतं. मृणालला ती शांतता मोजायची सवय लागली होती, पण तिने मोजली नाही. चुकत असू तर ही चूक जन्मभर आपली, कुठल्याही ओळीत ती दुरुस्त होणार नाही, हे तिला कळत होतं.

अण्णांनी भिंतीकडे वळलेलं अंग सोडवून घेतलं आणि ते पाठीवर सरळ झाले. त्यांचा हात चादरीवरून सरकत तिच्या मनगटापर्यंत आला आणि तिथे राहिला.

“जयसिंगपूरकडनं नको न्यायला,” ते म्हणाले. “त्या रस्त्याला लई खड्डे आहेत. गाडी अर्जुनवाडवरनं घे.”

विश्वजीतने तोंड उघडलं. ‘म्हणजे चालेल ना, अण्णा?’ त्याच्या ओठांवर आलेलं मृणालला स्पष्ट दिसलं. त्याने ओठ मिटले.

“अर्जुनवाडवरनं घेतो,” तो म्हणाला. मग कपाट उघडून, कपडे काढून तो पिशवी भरायला खाली वाकला आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिला.